हजेरीच्या पदकावरून माणूस शोधताना

लंडनच्या एका रविवारच्या जुन्या बाजारात, बटणं, चमचे आणि लष्करी बिल्ल्यांच्या ढिगात मला एक पदक सापडलं. एका बाजूला सातवा एडवर्ड, कडेवर बारीक ठोकलेलं एका मुलीचं नाव, वरच्या पट्टीवर साल १९०८-०९. वर्षभर शाळा न चुकवल्याबद्दल लंडन काउंटी कौन्सिल या शहराचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने दिलेलं. विकणारा म्हणाला, अशी पदकं ढिगाने मिळतात, त्यांना किंमत नाही. मी ते घेतलं. त्या नावाची मुलगी पुढे कुठे गेली, हे शोधायला मला दोन हिवाळे लागले.

त्या शोधातून जी पद्धत हाती आली, ती इथे क्रमाने देतो आहे. उदाहरण लंडनचं आहे, कारण तिथली कागदपत्रं मी स्वतः चाळली आहेत. त्या मुलीचं नाव मात्र देत नाही. तिची नातवंडं-पतवंडं हयात आहेत.

आधी पदक वाचा

पदक हातात आलं की पहिला मोह होतो तो ते चिंचेने किंवा पॉलिशने लखलखीत करण्याचा. तो आवरा. ही पदकं बहुतेक ब्राँझची किंवा पांढऱ्या मिश्रधातूची असतात. त्यावरची अक्षरं आधीच झिजलेली असतात आणि घासण्याने उरलेलीही जातात. मऊ कोरड्या कापडाने धूळ टिपा, तेवढं पुरे.

मग खोलीत अंधार करून टॉर्च जवळजवळ आडवा धरा. तिरप्या उजेडात अक्षरांच्या सावल्या पडतात आणि जे डोळ्यांना दिसत नव्हतं ते वाचता येतं. पुढची बाजू, मागची बाजू आणि कड, तिन्हींचे फोटो काढा. कड सगळ्यात महत्त्वाची, कारण नाव बरेचदा तिथे असतं. माझ्या पदकावर आडनावाचं शेवटचं अक्षर पुसट होतं. पातळ कागद कडेला लावून वरून मऊ पेन्सिल फिरवली तेव्हा ते उमटलं.

पदक कोणी दिलं हे ठरवलं की काळ आपोआप आवळतो. व्हिक्टोरिया राणीचा चेहरा आणि ‘स्कूल बोर्ड फॉर लंडन’ असं असेल, तर ते १९०४ च्या आधीचं. १८७० च्या शिक्षण कायद्याने जन्माला आलेलं हे बोर्ड १९०४ मध्ये संपलं आणि शाळा लंडन काउंटी कौन्सिलकडे गेल्या. एडवर्डचा चेहरा म्हणजे १९०१ ते १९१०, पुढे पाचवा जॉर्ज. इंग्लंडमधल्या इतर गावांच्या बोर्डांनीही अशी पदकं दिली. तुमच्या पदकावर दुसरं गाव असेल तर पुढच्या पायऱ्या त्याच राहतात, फक्त दफ्तरखाना त्या गावचा शोधायचा.

सालावरून वयाचा अंदाज बांधा. प्राथमिक शाळेतलं मूल साधारण पाच ते चौदा वर्षांचं. म्हणजे १९०८-०९ चं पदक मिळवणारी मुलगी १८९४ ते १९०४ यांच्या दरम्यान जन्मलेली असणार. दहा वर्षांची ही पट्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

हजेरी म्हणजे तेव्हा काय होतं

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि थेट नावाच्या मागे लागतात. मला वाटतं, शोधाची खरी दिशा इथेच ठरते.

हजेरी दिवसातून दोनदा लागायची, सकाळी आणि दुपारी. अनुदान हवं असेल तर शाळेने वर्षात किमान ४०० वेळा भरलंच पाहिजे, असा नियम होता. एकही खाडा नाही याचा अर्थ ती मुलगी चारशेहून अधिक वेळा, वेळेत, पटावर हजर होती. शाळांना याची काळजी का, तर पैसा. १८६२ च्या नियमावलीत सरासरी हजेरीमागे दर मुलाला ४ शिलिंग आणि वाचन, लेखन, गणित यांत उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स असं अनुदान ठरलं होतं. पुढे परीक्षेचा भाग गेला, पण हजेरी आणि अनुदान यांची गाठ सुटली नाही.

दुसऱ्या बाजूला घर होतं. १८८० च्या कायद्याने पाच ते दहा वयाच्या मुलांना शाळा सक्तीची झाली, ही मर्यादा १८९३ मध्ये अकरा आणि १८९९ मध्ये बारा झाली. खाडे झाले की हजेरी अधिकारी दारात यायचा, तरी ऐकलं नाही तर आईबापांवर खटला आणि दंड. तरीही मुलं घरी राहात, त्यातही मुली जास्त. सोमवारी धुणं असायचं, मोठ्या मुलीला आईच्या हाताखाली थांबावं लागे. धाकटं भावंड आजारी पडलं की तिचीच शाळा बुडायची. पायात बूट नाहीत म्हणून हिवाळ्यात घरी बसलेली मुलं शाळांच्या नोंदींत पुन्हा पुन्हा भेटतात. सप्टेंबरात पूर्व आणि दक्षिण लंडनमधली घरंच्या घरं केंटच्या मळ्यांत बिअरसाठी लागणारी हॉप्सची बोंडं खुडायला जात, मुलं बरोबर. आणि घरात कुणाला गोवर, घटसर्प किंवा स्कार्लेट फिव्हर झाला, तर धडधाकट मुलालाही शाळेत यायला मनाई व्हायची.

हे सगळं लक्षात घेतलं की पदक वेगळं दिसू लागतं. त्या वर्षी त्या घरात मोठं आजारपण आलं नसावं, मुलीच्या पायात बूट होते आणि सोमवारचं धुणं कुणीतरी तिच्याशिवाय उरकलं होतं. बहुधा आईने. पदकावर नाव मुलीचं असलं तरी ते त्या घराला मिळालेलं आहे, म्हणून शोध आईपासून सुरू करावा असं मी सुचवतो. मी उलटं केलं आणि त्यात सहा महिने घालवले.

जनगणना: घराच्या आत

ब्रिटनची जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि शंभर वर्षांनी खुली होते. आपल्या कामाच्या तीन: ३१ मार्च १९०१, २ एप्रिल १९११ आणि १९ जून १९२१. अँसेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट या दोन पैसे भरून वापरायच्या साइट्सवर त्या नावानिशी शोधता येतात. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेलात तर तिथल्या संगणकांवर यांतलं बरंच फुकट पाहता येतं.

नाव टाकताना आडनावाची स्पेलिंग्ज बदलून बघा, मधल्या अक्षरांच्या जागी तारांकन वापरा आणि वयात दोन वर्षांची सूट ठेवा. पदकावर नुसतं आद्याक्षर असेल तर शाळेचा भाग कळेपर्यंत घाई करू नका. नाव दुर्मीळ असेल तर नशीब, सर्रास असेल तर चिकाटी लागते.

१९११ ची जनगणना मला सगळ्यांत मोलाची वाटते. त्याआधीच्या वर्षांत हाती लागते ती गणनाधिकाऱ्याने केलेली नक्कल. १९११ चा मात्र खुद्द घरच्यांनी भरलेला फॉर्म जपलेला आहे. बापाचं, कधी आईचं, वळण तुम्हाला दिसतं. आणि त्यात विवाहित स्त्रीला विचारलं होतं: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जन्मली, किती हयात, किती गेली. माझ्या पदकावरच्या मुलीच्या आईच्या नावापुढे होतं: एकोणीस वर्षं, आठ जन्मली, पाच हयात, तीन गेली. मुलगी चौदा वर्षांची, धंदा: जॅमचा कारखाना. तिच्या चौदाव्या वाढदिवसाला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. हे मला पुढे शाळेच्या रजिस्टरवरून कळलं आणि त्या दिवशी मी वाचनालयातून लवकर घरी आलो.

१९२१ च्या जनगणनेत मालकाचं नाव आणि कामाची जागाही लिहिलेली असते, ती नक्की टिपून घ्या. त्यापुढे मोठी पोकळी आहे. इंग्लंड आणि वेल्सची १९३१ ची जनगणना डिसेंबर १९४२ मध्ये गोदामाला लागलेल्या आगीत जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही.

जन्मनोंद

इंग्लंडमध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. ‘फ्री बीएमडी’ ही स्वयंसेवकांनी उभी केलेली फुकट सूची. नागरी नोंदणी कार्यालयाच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत जुन्या जन्मनोंदींसोबत आईचं माहेरचं आडनावही मिळतं. एकाच नावाच्या दोन मुली समोर आल्या तर त्यावरून निवाडा करता येतो.

इथे एक खाचखळगा आहे. सूचीत गावाचं नाव नसतं, नोंदणी जिल्ह्याचं असतं. माझ्या पदकावरची मुलगी दक्षिण लंडनमधल्या बर्मंडसीची. मी ‘बर्मंडसी’ शोधत बसलो आणि १८९७ ची तिची नोंद होती ‘सेंट ओलेव्ह’ या जिल्ह्याखाली. जिल्ह्यांच्या हद्दी आणि नावं बदलत राहिली, तेव्हा त्या साली ती गल्ली कोणत्या जिल्ह्यात होती हे आधी पाहा.

शाळेचं रजिस्टर आणि मुख्याध्यापकांची रोजनिशी

आपल्याकडे शाळेचं जनरल रजिस्टर असतं, ज्यावरून शाळा सोडल्याचा दाखला लिहितात. तिकडचं प्रवेश रजिस्टर अगदी तसंच: दाखल क्रमांक, मुलाचं नाव, जन्मतारीख, पालकाचं नाव, पत्ता, आधीची शाळा, सोडल्याची तारीख आणि कारण. लंडनच्या शाळांची अशी रजिस्टरं क्लार्कनवेलमधल्या ‘द लंडन आर्काइव्ह्ज’मध्ये आहेत. २०२४ पर्यंत त्याचं नाव लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज होतं, त्यामुळे जुन्या लेखांत ते नाव दिसेल. पुष्कळ रजिस्टरं अँसेस्ट्रीवर नावानिशी शोधता येतात.

शाळेचं नाव माहीत नसेल तर जनगणनेतला पत्ता घ्या आणि नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर फुकट असलेले ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे जुने नकाशे उघडा. त्यांत शाळा दाखवलेल्या आहेत. मूल चालत जाईल एवढ्या अंतरातल्या दोन-तीन शाळा निघतात, त्यांची रजिस्टरं एकेक करून पाहायची. गल्ली आजच्या नकाशावर सापडली नाही तर घाबरू नका. कौन्सिलने १९३० च्या दशकात बऱ्याच रस्त्यांची नावं बदलली, आणि उरलेल्यांतले कित्येक रस्ते बॉम्बहल्ल्यांत गेले.

रजिस्टरमधली जन्मतारीख वहीत लाल शाईने लिहा. पुढे सगळी मदार तिच्यावर आहे.

त्याच शाळेची रोजनिशीही मागवा. १८६२ च्या नियमावलीने मुख्याध्यापकांना ती लिहिणं बंधनकारक केलं होतं. तुम्ही शोधत असलेल्या मुलाचं नाव त्यात येईलच असं नाही, पण त्याचं वर्ष येतं: पाऊस पडला म्हणून अर्धा वर्ग रिकामा, गोवराची साथ, निरीक्षक येऊन गेले, हॉप्सहून मुलं अजून परतली नाहीत. मी १९०८-०९ ची पानं ओळीने वाचली. फेब्रुवारीत आजारपणाने बाकं रिकामी पडलेला एक आठवडा होता. त्या आठवड्यातही ती बाकावर होती, हे पदक सांगत होतं.

अलीकडच्या वर्षांच्या रोजनिश्या आणि रजिस्टरं व्यक्तिगत माहितीमुळे बंद असू शकतात. जाण्याआधी सूचीत खात्री करा आणि हवे ते खंड आधी मागवून ठेवा. भारतातून शोधत असाल तर दफ्तरखान्याला लिहून पैसे देऊन नक्कल मागवता येते. खंडाचा अचूक क्रमांक दिलात तर काम लवकर होतं.

गल्ली

पत्ता हाती आहे तर लंडनच्या गरिबीची पाहणी करणाऱ्या चार्ल्स बूथचे नकाशे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या साइटवर ते फुकट आहेत. १८९८-९९ च्या आवृत्तीत प्रत्येक रस्ता रंगवलेला आहे: सगळ्यात खालचा थर काळा, मग गडद निळा, फिका निळा, जांभळा, गुलाबी, लाल आणि सर्वांत श्रीमंत पिवळा. बूथने ही पाहणी सुरू केली तेव्हा घराघरांची माहिती मिळवली ती शाळा मंडळाच्या हजेरी अधिकाऱ्यांकडून. कोणत्या घरात किती मुलं आणि बापाला काम आहे की नाही, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. पदक ज्या यंत्रणेतून आलं, तिच्याच वह्यांवर त्या नकाशाचा पाया आहे. माझ्या मुलीची गल्ली फिकी निळी निघाली, म्हणजे गरीब.

मुलगा असेल तर

१८९० च्या दशकात जन्मलेल्या मुलाचा शोध पहिल्या महायुद्धाशी येऊन थांबतोच. साध्या शिपायांच्या सेवानोंदींचा मोठा भाग सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात दक्षिण लंडनमधल्या गोदामात जळाला. वाचलेले, कडा करपलेले कागद राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘डब्ल्यूओ ३६३’ या मालिकेत आहेत. ते नाही मिळाले तर युद्धपदकांची सूचीपत्रं, ‘डब्ल्यूओ ३७२’, बघा. ती बहुतेक सगळी शाबूत आहेत. मृत सैनिकांसाठी राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाची सूची फुकट आहे.

या सूचीत महाराष्ट्रातल्या ठिकाणांची नावं दिसली तर चकित होऊ नका. १९१४ च्या अखेरीस इंग्लंडमधल्या टेरिटोरियल, म्हणजे अर्धवेळ सैनिकांच्या, पलटणी इथल्या नियमित फौजेच्या जागी हिंदुस्थानात धाडल्या गेल्या, आणि १९१६ मध्ये लंडन रेजिमेंटची २५ वी सायकलस्वार पलटणही आली. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीतून किती गोरे सैनिक गेले असतील! इंग्रजीत वेडसर माणसाला लावला जाणारा ‘डूलॅली’ हा शब्द त्याच गावाच्या नावावरून आला. त्या युद्धात हिंदुस्थानात मरण पावलेल्या आणि ठिकठिकाणच्या छावणी-दफनभूमींत पुरलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावं पुण्यात खडकीच्या युद्धस्मशानातल्या स्मारकावर कोरली आहेत. पुण्यात राहणाऱ्याला लंडनच्या मुलाचं नाव तिथे जाऊन वाचता येतं.

पूर्व लंडनच्या पॉप्लरमधल्या अप्पर नॉर्थ स्ट्रीट शाळेशी तुमचा धागा जुळला तर १३ जून १९१७ ही तारीख आधीच लक्षात असू द्या. त्या दिवशी विमानातून टाकलेल्या बॉम्बने तिथली १८ मुलं गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आसपासची.

मुलगी असेल तर

लग्न झालं की आडनाव बदलतं आणि बहुतेक शोध इथे बंद पडतात. दोन वाटा आहेत.

पहिली वाट विवाह आणि जन्मांच्या सूचीची. १९१२ पासून विवाहसूचीत जोडीदाराचं आडनाव छापलेलं असतं आणि १९११ च्या उत्तरार्धापासून छापील जन्मसूचीत आईचं माहेरचं आडनाव. तेव्हा मुलीचं नाव धरून त्या जिल्ह्यातले १९१२ ते १९३५ चे विवाह काढा, आणि प्रत्येक जोडीसाठी त्याच दोन आडनावांची बाळं जन्मली का ते पाहा. यादी पटकन लहान होते.

दुसरी वाट मला जास्त आवडते. युद्ध सुरू झाल्यावर २९ सप्टेंबर १९३९ रोजी सरकारने सगळ्या नागरिकांची नोंद केली, ओळखपत्रांसाठी. त्या १९३९ च्या रजिस्टरमध्ये पूर्ण जन्मतारीख आहे. आडनावाची जागा कोरी ठेवा, पहिलं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधली जन्मतारीख टाका. आडनाव काहीही झालेलं असो, ती समोर येते. पुढे हेच रजिस्टर आरोग्यसेवेसाठी वापरत राहिले, म्हणून १९३९ नंतर लग्न केलेल्या बायकांचं जुनं आडनाव खोडून वर नवं लिहिलेलंही आढळतं.

माझी मुलगी मला अशीच भेटली, आडनाव नवं, बर्मंडसीपासून दोन मैलांवर. धंद्याच्या रकान्यात हजारो बायकांसारखं ‘बिनपगारी घरकाम’. जन्मतारखेत एक दिवसाचा फरक होता, म्हणून मी तिला लगेच स्वीकारलं नाही. तीन स्वतंत्र कागद जुळल्याशिवाय माणूस तोच असं मानायचं नाही, हा नियम मी पाळतो आणि तुम्हीही पाळा. लोकांनी साइटवर टाकलेले तयार वंशवृक्ष या तिनात धरू नका. तिथे एकाची चूक पन्नास जण उतरवून घेतात. मी १९२३ च्या विवाहाचा दाखला पैसे भरून मागवला. बापाचं नाव आणि धंदा जुळला, पत्ता १९२१ च्या जनगणनेतलाच होता.

शेवटची वर्षं आणि घरचे लोक

पत्त्यांचा माग मतदारयाद्यांवरून काढता येतो. १९१८ मध्ये तिशीपुढच्या बऱ्याच स्त्रियांना मत मिळालं आणि १९२८ मध्ये एकविशीपासून सगळ्यांना, त्यामुळे त्यानंतर ती दरवर्षी कुठल्या घरात होती हे दिसतं. १८५८ पासूनची मृत्युपत्रं सरकारी साइटवर शोधता येतात. गरीब घरांत ती क्वचितच सापडतात, तरी एकदा बघावं. १९६९ पासून मृत्युसूचीत जन्मतारीख छापतात, म्हणून त्यानंतर वारलेल्यांची ओळख पटवणं सोपं जातं. ती १९७४ मध्ये गेली. सूचीतली तारीख शाळेच्या रजिस्टरमधल्या तारखेशी अगदी जुळली. एक दिवसाची चूक १९३९ च्या कारकुनाची होती.

वारस सापडले तर पहिल्याच पत्रात सगळं ओतू नका. तीन मेलेली भावंडं, कारखाना, खटला, यांतलं काही घरच्यांना ठाऊक नसतं. मी एक छोटं पत्र टपालाने पाठवलं: माझ्याकडे तुमच्या आजीचं असावं असं एक शालेय पदक आहे, फोटो जोडला आहे, उत्तर द्यायची इच्छा नसेल तर काही हरकत नाही. सात आठवड्यांनी उत्तर आलं. नातीने लिहिलं होतं की आजी शाळेविषयी कधी बोलली नाही, पण नातवंडांपैकी कुणी पोट दुखतंय म्हणून घरी राहू लागलं तर ती काही न बोलता त्यांचे बूट दारात आणून ठेवायची.

पदक मी बिनआम्लाच्या कागदात गुंडाळून, रजिस्टरच्या नोंदीची आणि १९११ च्या फॉर्मची प्रत सोबत घालून, त्यांच्याकडे पाठवून दिलं.